लहान हत्याराच्या रचनेतील तडजोडी : भरे (ता. मुळशी) परिसरातील कोयता व सुरी यांची समीक्षा

प्रस्तावना

मराठी ग्रामजीवनाच्या अभ्यासात हत्यारांचा उल्लेख वारंवार येतो; त्यांच्या रचनेचा विचार मात्र क्वचितच होतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथापासून लोहार हा बलुतेदार म्हणून अभ्यासाचा विषय झाला. त्याचा हक्क, त्याला सुगीत मिळणारा वाटा, कुणब्याशी असलेले त्याचे नाते यांची चर्चा समाजशास्त्राने केली. पण त्याने घडविलेले पाते अमुकच लांबीचे का, त्याचे टोक आत का वळलेले, त्याची पाठ जाड का, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेत फारसे आले नाहीत. कविता, चित्र, मंदिर यांच्या रूपाची मीमांसा होते, कोयत्याच्या रूपाची होत नाही. उपयोगाची वस्तू आपोआपच उपयोगानुसार घडते, तिच्यात निवडीला जागा नसते, असा समज या उदासीनतेच्या मुळाशी आहे.

हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मुळशी तालुक्यातील भरे व त्याच्या आसपासच्या भातशेतीच्या पट्ट्यात वापरला जाणारा कोयता (लहान रूपात कोयती) आणि शिकारीसाठी व किरकोळ कामांसाठी जगभर प्रचलित असलेली अचल पात्याची लहान सुरी यांची तुलना केली आहे. अचल पात्याची सुरी म्हणजे जिचे पाते मुठीत मिटत नाही अशी सुरी. दोन्ही हत्यारांचे मूळ काम एकच, कापणे. तरीही दोन्हींची रूपे परस्परांपासून इतकी दूर का गेली, याचे उत्तर त्यांच्या रचनाकारांनी काय मिळविले यापेक्षा काय सोडले यात सापडते.

समीक्षेचे निकष

भारतीय वस्तुरचनेच्या चर्चेत चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या ‘इंडिया रिपोर्ट’चे स्थान मोठे आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली ती या अहवालाच्या प्रेरणेने. अहवालात ईम्स दाम्पत्याने लोटा या साध्या भांड्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. लोट्याचा कोणी एक रचनाकार नाही; अनेक पिढ्यांनी तो घडविला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हाताचा आकार, भरलेल्या व रिकाम्या भांड्याचा तोल, ओतण्याची सोय, किंमत अशा अनेक प्रश्नांची यादी देऊन ही सर्व उत्तरे लोट्यात एकवटली आहेत, असे ते सुचवितात.

ही पद्धती मोलाची आहे, परंतु अपुरी आहे. प्रश्नांची यादी देताना त्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या विरोधात जातात ही बाब तीत झाकली जाते. डेव्हिड पाय या इंग्रज कारागीर-विचारवंताने नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. त्याच्या मते वस्तूकडून असलेल्या अपेक्षा परस्परविरोधी असतात. म्हणून प्रत्येक रचना कोठेतरी अपुरी ठरतेच, आणि ते अपुरेपण कोठे ठेवायचे याची निवड रचनाकार करतो. क्रिस्टोफर अलेक्झांडर यानेही १९६४ च्या आपल्या ग्रंथात पारंपरिक समाजातील वस्तू चांगल्या का ठरतात याचे कारण सांगितले आहे. तेथे घडविणारा व वापरणारा एकमेकांच्या जवळ असतात आणि जो दोष जाणवेल तो लगेच दुरुस्त होतो.

या विवेचनातून समीक्षेसाठी तीन प्रश्न निष्पन्न होतात. हत्याराने कोणता गुण कोणत्या गुणाच्या मोबदल्यात घेतला? दोष दुरुस्त करण्याची सोय त्याच्या परिसरात आहे काय? आणि जे अपुरेपण उरले त्याची किंमत कोण मोजतो? ईम्स यांच्या लोट्याला तिसरा प्रश्न विचारला गेला नाही. कोयत्याला तो विचारणे अटळ आहे.

परिसर आणि काम

भरे हे गाव पुण्याच्या पश्चिमेस, पिरंगुट-घोटवडे परिसरात आहे. मुळशी तालुका आंबेमोहोर भातासाठी ओळखला जातो. येथील परंपरागत भातशेतीचा आरंभ राबापासून होतो. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचा थर रोपवाटिकेच्या जागेवर देऊन तो पावसाळ्यापूर्वी भाजला जातो. त्यामुळे तणाचे बी जळते आणि राखेचे खत मिळते. या राबासाठी झाडावर चढून टहाळ तोडणे हे कोयत्याचे मुख्य काम. याखेरीज कुंपणाची काटेरी झुडपे तोडणे, बांबू फोडणे, सरपण करणे, वाट मोकळी करणे, मेखा तासणे ही कामेही त्याच्याकडेच असतात.

लहान सुरीची कामे निराळी आहेत. दोरी कापणे, साल काढणे, मासे साफ करणे, कातडे सोलणे, फळ चिरणे ही कामे मनगटाच्या व बोटांच्या हालचालीची आहेत. कोयत्याचे काम खांदा व कोपर यांच्या फेकीने होते. हत्याराच्या रूपातील पहिला फरक शरीराच्या या दोन हालचालींतून उद्भवतो.

लांबी, वजन आणि टोक

शिकारीची लहान सुरी साधारणतः ९० ते ११० मिलिमीटर पात्याची असते. १०० मि.मी. लांब, २५ मि.मी. रुंद व ४ मि.मी. जाड पोलादी पट्टीचे वजन सुमारे ७८ ग्रॅम भरते. पाठीपासून धारेपर्यंत उतार काढल्यावर ते जवळपास निम्म्यावर येते. अशा पात्याने घाव घालता येत नाही. घावाची शक्ती वस्तुमान व वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असते, आणि सुरीला हाताच्या वेगाखेरीज स्वतःचे काही भांडवल नसते. फांदी तोडायची झाल्यास तिच्या पाठीवर लाकडाचा ठोकळा मारावा लागतो. कोयत्याचे पाते याच्या दुपटी-अडीचपटीने लांब, रुंद व जाड पाठीचे असते. त्याचे वजन पुढच्या भागात असते, त्यामुळे फेकीच्या शेवटी ते स्वतःच काम करते.

हे वजन फुकट मिळत नाही. पुढे जड असलेले पाते चुकीच्या दिशेने निघाले तर मनगटाला ते सहज थोपविता येत नाही. झाडावर एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने घाव घालणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही जोखीम प्रत्यक्ष असते.

टोकाच्या बाबतीतही निवड तितकीच स्पष्ट आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध सुरीकार आर. डब्ल्यू. लव्हलेस (१९२९–२०१०) याने शिकारीच्या सुरीचे जे रूप लोकप्रिय केले, त्यात पाठ टोकाकडे हलकेच उतरते आणि टोक पात्याच्या मध्यरेषेजवळ येते. प्राणी सोलताना टोक आतड्यात घुसू नये आणि तरीही ते पुरेसे भक्कम राहावे, हा त्यामागील विचार आहे. अधिक अणकुचीदार टोक भोसकण्यास सोपे, पण मोडण्यासही सोपे; बोथट टोक टिकाऊ, पण बारीक कामास निरुपयोगी. लव्हलेसने या दोहोंमधील एक बिंदू निवडला.

कोयत्याने हा प्रश्नच निराळ्या रीतीने सोडविला. त्याचे टोक धारेच्या बाजूला आत वळते. या वळणाने फांदी निसटत नाही, झुडूप ओढून धरता येते, आणि घाव जमिनीपर्यंत गेला तर दगडाचा पहिला आघात बाकावर होऊन मधली धार वाचते. मात्र या एका वळणापायी भोसकण्याची, कोरण्याची, भोक पाडण्याची सर्व कामे सोडून द्यावी लागली. कोयत्याने मासा साफ करणे शक्य असले तरी ते सुखाचे नाही. म्हणूनच कोयता वापरणाऱ्या घरात विळी, विळा व लहान सुरी ही स्वतंत्र हत्यारे असतात. एका सुरीने सर्व कामे करण्याची आकांक्षा ही एकट्याने भटकणाऱ्या शिकाऱ्याची आहे. भातकरी घर ही आकांक्षा बाळगत नाही; ते कामे वेगवेगळ्या हत्यारांत वाटून देते.

जाडी आणि धारेचा कोन

पात्याची जाडी ही लहान सुरीच्या रचनेतील सर्वांत वादग्रस्त बाब आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ मि.मी. ऐवजी ४ मि.मी. जाडी घेतल्यास वजन एकतृतीयांशाने वाढते, पण वाकण्यास होणारा विरोध सुमारे २.४ पट होतो. हा सौदा आकर्षक वाटतो. त्यामुळे बाजारातील अनेक सुऱ्या गरजेहून जाड असतात. परंतु कापताना पाते पाचरीसारखे पदार्थात शिरते. धारेचा एकूण कोन २० अंश असेल तर ५ मि.मी. खोलीवर पाचरीची जाडी सुमारे १.८ मि.मी. असते, कोन ४० अंश केल्यास ती ३.६ मि.मी. होते. म्हणजे तितकेच खोल जाण्यासाठी पदार्थ दुप्पट फाकवावा लागतो. बटाटा चिरताना तो तुकडे पडून फुटतो, हे जाड सुरीचे नेहमीचे लक्षण आहे.

सुरीत जो दोष ठरतो तोच कोयत्यात गुण होतो. ओली फांदी तोडताना किंवा बांबू फोडताना पाते अडकून बसणे ही मोठी अडचण असते. रुंद कोनाची पाचर लाकूड फाकवीत जाते आणि सहज बाहेर निघते. शिवाय गाठीवर आपटूनही धार दुमडत नाही. त्यामुळे ‘जाड पाते चांगले की पातळ?’ हा प्रश्न त्या रूपात निरर्थक आहे. कापायचे आहे की फोडायचे आहे, हे ठरल्यावरच त्याला अर्थ येतो.

पोलाद आणि ‘पाणी’

ग्रामीण लोहार आज बहुधा मोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्यांपासून कोयता घडवितो. या पोलादात साधारणतः ०.५ ते ०.६ टक्के कार्बन आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज अथवा क्रोमियम असते. वाकून पुन्हा सरळ होणे हे कमानीचे कामच असल्याने हे पोलाद चिवट असते. तापलेले पाते एकदम थंड करण्याच्या क्रियेला मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतात. तलवारीपासून माणसापर्यंत अनेकांचे ‘पाणी’ जोखणारी भाषा या क्रियेतून आली आहे. पाणी दिलेले पाते अतिशय कठीण पण ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा हलके तापवून उतरवावे लागते. घासून उजळ केलेल्या पृष्ठावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा व शेवटी निळा रंग दिसतो. पिवळा रंग सुमारे २२० ते २४० अंश सेल्सिअसला आणि निळा ३०० अंशांच्या आसपास येतो. पिवळ्यावर थांबल्यास धार अधिक टिकते, निळ्याकडे गेल्यास चिवटपणा वाढतो. कठिणपणा आणि चिवटपणा यांतील तडजोड लोहार अशा रीतीने डोळ्यांनी करतो.

लहान सुरीचे पाते रॉकवेल मापाने साधारणतः ५६ ते ६० इतके कठीण ठेवले जाते. कमानीचे पाटे ४० ते ५० च्या दरम्यान असतात. कोयत्याला सुरीइतका कठिणपणा दिल्यास गाठीवर त्याची धार तुटेल. कमी कठीण कोयता लवकर बोथट होतो, पण तो साध्या दगडावर किंवा कानशीने पुन्हा धारदार होतो.

गंजाचा प्रश्नही असाच आहे. मुळशीच्या पावसात साधे पोलाद एका रात्रीत तांबूस पडते. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाची सुरी या बाबतीत निश्चितच सरस ठरते. पण अशा पोलादाला पाणी देण्यासाठी १००० अंशांच्या आसपासचे, काटेकोर नियंत्रित तापमान लागते. ते भात्याच्या भट्टीत साधणे कठीण. झिजलेल्या कोयत्याला लोहार शेवटून देतो, म्हणजे तापवून, ठोकून त्याची धार नव्याने काढतो. गंजविरहित सुरी झिजली की संपली. म्हणजे येथे गंजणे हा दोष पत्करून दुरुस्त होण्याचा गुण घेतला आहे. अलेक्झांडर ज्या जवळिकीविषयी बोलतो ती या धातूच्या निवडीत दिसते. परंतु ही निवड लोहार जवळ असेल तोवरच शहाणपणाची. गावातील भट्टी विझली की त्याच कोयत्याचा गुण नाहीसा होतो आणि गंज तेवढा उरतो.

मूठ आणि बाळगण्याची रीत

सुरीच्या मुठीत पाते पूर्ण लांबीपर्यंत नेऊन दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या रिव्हेटने बसविण्याची पद्धत भक्कम मानली जाते. तीत मूठ तुटली तरी सुरी हाती राहते. मात्र वजन मागे जाते, थंडीत लोखंड हाताला लागते आणि मूठ बदलणे अवघड होते. कोयत्यात पात्याचे निमुळते शेपूट लाकडी मुठीत ठोकलेले असते आणि तोंडाशी शेंबी असते. उन्हाळ्यात लाकूड आकसते व मूठ सैल होते, हा त्याचा प्रसिद्ध दोष. पण नवी मूठ घरीच तासून बसविता येते. फिनलंडमधील पारंपरिक ‘पुक्को’ या सुरीतही असेच निमुळते शेपूट असते आणि बोटांपुढे आडकाठी नसते. दोन इतक्या दूरच्या ग्रामसमाजांनी एकच दोष पत्करावा, यामागे दुरुस्ती घरी व्हावी ही समान गरज दिसते.

सुरी म्यानात राहते. कोयता कमरेच्या आकडीत अडकविला जातो. म्यान शरीराचे रक्षण करते, परंतु पावसात ओल धरून पाते गंजविते. आकडीतील पाते निथळते, वाळते आणि झाडावर असताना एका हाताने काढता-ठेवता येते. त्याची किंमत म्हणजे घसरून पडणाऱ्याच्या पाठीशी असलेली उघडी धार.

किंमत कोण मोजतो

येथवरच्या विवेचनावरून कोयता ही परिपूर्ण वस्तू ठरविण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळला पाहिजे. पिढ्यांनी घडविलेली वस्तू पिढ्यांतील ज्यांचा आवाज लोहारापर्यंत पोहोचला त्यांच्यासाठी घडते. भातकापणीचा विळा याचे उदाहरण आहे. कापणीत स्त्रियांचा वाटा मोठा. वाकून तासन्‌तास काम त्यांचे. तरीही साध्या धारेच्या विळ्यात त्यांच्या मनगटाच्या दृष्टीने मोठा बदल परंपरेतून आला नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव विळा’ हा बाहेरून आलेला बदल आहे. तो हलका आहे, त्याला वारंवार धार लावावी लागत नाही आणि त्याने भात जमिनीलगत कापता येते. त्यामुळे धसकटात लपणाऱ्या खोडकिडीलाही आळा बसतो. पण त्याचे दाते झिजले की गावच्या लोहाराला ते नव्याने काढणे सोपे नाही. श्रम कमी झाले, परावलंबन वाढले. हीही तडजोडच आहे. मात्र ज्यांचे श्रम कमी झाले त्यांच्या बाजूने पाहता ती स्वीकारार्ह ठरते.

ऊसतोडणीच्या क्षेत्रात तर ‘एक कोयता’ याचा अर्थ नवरा-बायकोची जोडी असा होतो आणि उचल त्या हिशेबाने दिली जाते. हत्याराच्या नावाने माणसे मोजली जातात, तेव्हा त्या हत्याराच्या सौंदर्याविषयी लिहिताना माणसांचा विसर पडू देणे हा समीक्षेतील दोष ठरतो.

रूप, हेतू आणि कायदा

रचनेच्या वाचनाला आज आणखी एक गंभीर संदर्भ प्राप्त झाला आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या वर्गात येतात. परंतु घरगुती, शेतीविषयक, शास्त्रीय अथवा औद्योगिक उपयोगासाठी घडविलेली हत्यारे त्यांतून वगळली आहेत. केवळ मापाने पाहिल्यास कित्येक कोयते शस्त्र ठरतील. त्यांना वाचवितो तो त्यांच्या रचनेतील हेतू. उलट चार इंची शिकारीची सुरी मापाने या वर्गाबाहेर राहते, परंतु तिचा नामनिर्दिष्ट हेतूच लुप्त झाला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात वन्यप्राण्यांची शिकार, काही अपवाद वगळता, निषिद्ध आहे. एका हत्याराला हेतू आहे, पण माप आड येते. दुसऱ्याचे माप निर्दोष, पण हेतू गेला.

पुणे शहरात कोयत्याने झालेल्या गुन्ह्यांनंतर २०२३ च्या प्रारंभी विक्रेत्यांनी खरेदीदारांच्या ओळखपत्रांची नोंद ठेवण्याची उपाययोजना पोलिसांकडून झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ‘कोयता’ हा शब्द वृत्तपत्रवाचकांच्या मनात आता दहशतीशी जोडला गेला आहे. गुन्ह्याची भीती खरी आहे आणि तिची उपेक्षा करता येणार नाही. परंतु पिरंगुट परिसरात कारखाने, गोदामे व गृहसंकुले यांनी भातखाचरांची जागा घेत असताना, राबासाठी टहाळ तोडणारा हात ज्या पिढीने पाहिला नाही तिला कोयत्याच्या वळणात फक्त धमकी दिसेल, हा धोकाही खरा आहे. वास्तविक, आत वळलेले टोक भोसकण्याचा हेतू नाकारते, पुढे झुकलेले वजन लाकडाची अपेक्षा धरते आणि रुंद कोनाची धार ओल्या फांदीचा हिशेब सांगते. ही साक्ष वाचता येणे ही केवळ रसिकतेची बाब नाही. ज्याच्या कमरेच्या आकडीत आजही कोयता आहे त्याच्या दृष्टीने ती प्रतिष्ठेची व संरक्षणाची बाब आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, उपयोगाची वस्तू उपयोगानुसार आपोआप घडत नाही. ती परस्परविरोधी गरजांतील निवडीतून घडते, म्हणून ती समीक्षेचा विषय आहे. दुसरा, सुरी व कोयता यांची तुलना ‘कोणते श्रेष्ठ’ या स्वरूपात करता येत नाही. सुरीने एकट्या माणसाच्या अनेक लहान कामांसाठी घावाची शक्ती सोडली. कोयत्याने एका मोठ्या कामासाठी टोक सोडले आणि उरलेली कामे घरातील इतर हत्यारांवर सोपविली. तिसरा, कोयत्याचे अनेक गुण त्याच्या पात्यात नसून लोहाराच्या सान्निध्यात आहेत. ते सान्निध्य संपल्यावर हत्यार तेच राहूनही त्याचे मूल्य बदलते. चौथा, परंपरेने घडलेली वस्तू सर्वांसाठी सारखी न्याय्य असतेच असे नाही. विळ्याच्या उदाहरणावरून बाहेरून आलेल्या सुधारणेचे महत्त्व मान्य करावे लागते.

ईम्स यांनी लोट्यापुढे ठेवलेल्या प्रश्नांच्या यादीत ‘काय सोडले’ आणि ‘कोणी सोसले’ या दोन प्रश्नांची भर घातल्यास ग्रामीण वस्तूंची समीक्षा भाबड्या कौतुकापासून दूर राहील. महाविद्यालयीन अध्ययनात भौतिकशास्त्र, समाजशास्त्र, विधी व भाषा या विषयांना एकत्र आणण्यासाठी ग्रंथालयाबाहेरची एक वस्तू पुरेशी आहे. भरे परिसरातील विद्यार्थ्याच्या घरी ती वस्तू बहुधा दाराआड टांगलेली असते. ती तेथे असेपर्यंतच हे अध्ययन सोपे आहे.